कमलच्या भावाकडं आता कोण जाणार?

शकुताई,

तुमच्यावर काहीतरी लिहून द्या म्हणून तिघाचौघांचे फोन आले. तुमचं गाव कुठलं, शिक्षण किती, सेवा किती, हे ज्याला पाहिजे त्याला तुमची लेक सांगेल. मला त्यात रस नाही. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेलात आणि तेव्हापासून मी एस.टी.च्या खिडकीला डोकं टेकून दोन्ही बाजूंनी एकटीच बोलून राहिलेय. शेजारच्या बाईला वाटत असेल, कानात काहीतरी घालून फोनवर बोलते आहे. बरंय, हल्ली त्यामुळं कोणी वेड्यात काढत नाही.

थकलेय मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझा आवाज चढला तर समजून घ्याल. ऊन मी म्हणतंय. नांदेडहून पहाटेची गाडी धरायची, लातूरला उतरेपर्यंत कंबरेचा काटा ढिला होतो, मग जेलच्या दारात पर्स, मोबाइल, अगदी डोक्याची पिनसुद्धा दाखवून आत जायचं. पूर्वी आत तुम्ही असायच्या. बायकांच्या विभागातली ती शिवणयंत्रांची खोली, दारात पहाऱ्याच्या ताई, आणि तुम्ही खाली सतरंजीवर पाय पसरून बसलेल्या. मला बघितलं की म्हणायच्या, ये गं, आधी पाणी पी, जगबुडी झालेली नाही. आता तिथं मी जाते तेव्हा सतरंजी गुंडाळून ठेवलेली असते. ती पसरायचाही कंटाळा येतो.

लग्नाकार्यात लोक आपल्याला विचारायचे, तुम्ही दोघी जेलमध्ये नेमकं काय करता हो? मी सांगायची, आम्ही मानसशास्त्रज्ञ आहोत, तिथल्या बायकांचं मन समजून घेतो. लोक माना डोलवून जिलबी वाढून घ्यायचे. तुम्हाला विचारलं, भीती नाही का वाटत, तर तुम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, वाटते ना, उवांची. आणि ते खोटं नव्हतं. दोनदा तुम्ही उवा घरी नेल्या आणि तुमच्या लेकीनं तुम्हाला आठवडाभर वेगळी उशी दिली.

मी कामाला लागले तेव्हा माझ्या डोक्यात टेबल होतं. इकडं मी, तिकडं बाई, मध्ये टेबल, टेबलावर कागद. तुम्ही तेल आणि फणी घेऊन बसायच्या. बाईला पुढ्यात पाठमोरी बसवायचं, केस सोडायचे आणि विंचरत राहायचं. तोंड दिसत नसलं की बाई बोलते, असं तुमचं म्हणणं. मला ते अजिबात पटलं नव्हतं. हे सायकॉलॉजीत बसत नाही असं मी म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, बसत नसेल तर उभं राहू दे. पुढं मीही फणी घेतली. पण माझ्या हाताला तो सैलपणा कधी आला नाही. बायका मला "बारक्या म्याडम" म्हणायच्या आणि तुम्हाला "मोठ्या बाई". त्यातच काय ते सगळं आलं.

आता कमलचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नाही, तुमच्याचसाठी पुन्हा पहिल्यापासून सांगते, कारण आपल्या दोघींचं यावरच फाटलं होतं. कमल नवऱ्याच्या मृत्यूच्या केसमध्ये आत आली. तिनं केलं की नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाही, मीही नाही. ते कोर्ट बघेल. सासरच्यांनीच तक्रार केलेली, त्यामुळं ते दार बंद. माहेर लातूरजवळच्या मुरुडच्या पुढच्या एका खेड्यात. ती आत असतानाच तिची आई गेली. तेव्हा माहेरचं एक माणूस निरोप घेऊन आलं, आणि त्यानंतर कोणीच आलं नाही. उरला एक भाऊ, दत्ता. पुढं कमलला जामीन मंजूर झाला. बातमी आली तेव्हा सगळ्या बराकीनं तिला कुंकू लावलं, कोणीतरी साखर वाटली. आणि कमल तिथंच राहिली. कारण जामीन मंजूर झाला तरी जामीनदार लागतो. कोर्टात उभा राहून, सातबारा पुढं करून, हो, ही माझी बहीण आहे, मी हिच्यासाठी जबाबदार आहे, असं म्हणणारं कोणीतरी लागतं. दत्ता येईना. त्याच्याकडं जमीन होती, पिठाची गिरणी होती, अंगात ताकद होती. पण तो येईना.

कमलच्या वकिलांनी जामीनदाराची अट शिथिल करायचा अर्ज टाकला होता, त्याच्या तारखा पडत होत्या. मी म्हणायची, ते काम वकिलांचं आहे, होईल कधीतरी. तुम्ही म्हणायच्या, कागदावर सुटेल गं, पण दारात कोण उभं राहील? जेलच्या बाहेर पाऊल टाकल्यावर ही बाई कुठल्या दिशेला चालायला लागणार, ते सांग मला. आणि मग स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या तिकिटानं, तुम्ही मुरुडच्या गाडीत बसायला लागलात.

इथं माझा तुमच्याशी पहिल्यापासून वाद होता आणि अजून आहे. हे आपलं काम नव्हे. आपण बाईचं मन सांभाळायला आहोत, तिचं माहेर जमवायला नाही. तुम्ही दर वेळी जाऊन यायच्या, आणि कमल तुमच्या तोंडाकडं बघत बसायची. तुम्ही काही बोलला नाहीत तरी तिला कळायचं. मग चार दिवस ती जेवायची नाही, आणि त्या चार दिवसांत तिच्यापाशी बसायचं काम माझं. आशा तुम्ही लावायची आणि निस्तरायचं मी, असं मी तुम्हाला तोंडावर म्हणाले होते. लातूरच्या बसस्टँडवर, रसवंतीच्या शेजारी. तुम्ही चिडलात. चिडलात की तुम्ही उदगीरच्या तुमच्या लहानपणीच्या कानडीत पुटपुटायच्या, मला कळू नये म्हणून. मला शब्द कळायचे नाहीत, पण माझ्या सात पिढ्यांचा उद्धार चाललाय एवढं नक्की कळायचं.

मग शांत होऊन म्हणालात, "मंगल, एक डाव तू चल माझ्यासोबत. दोघी जाऊ. मी कुठं चुकून राहिलेय, मला दिसंना."

मी म्हणाले, बघू. माझी नांदेडची गाडी लागली होती, मी पळाले.

तुम्ही दत्ताबद्दल काय सांगायच्या ते मला पाठ आहे. दगड आहे, म्हणायच्या. बसायला पोतं टाकतो, ऐकून घेतो, हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, मान वर करत नाही. आणि त्याची बायको दारामागं उभी. माणसाचं एवढं ऐकायचं काम मी आयुष्यभर केलं, पण या माणसाच्या आत कुठून शिरावं ते मला कळत नाही, असं तुम्ही म्हणायच्या. तुमच्या तोंडून असं हरल्यासारखं मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, पण तिचा याच्याशी संबंध असेल हे ना तुमच्या ध्यानात आलं ना माझ्या. तुम्ही बंदी बायकांच्या घरी गेलात की तिथं पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. बाकी सगळे नियम तुम्ही धाब्यावर बसवले. जेलच्या आत कारळाची चटणी नेण्यावरून तुम्ही केलेली वादावादी सगळ्यांना माहीत आहे. पण हा एक नियम तुम्ही देवासारखा पाळायच्या. त्याला कारण होतं. फार पूर्वी तुम्ही एका बाईच्या सासरी गेला होतात, दोन्ही बाजू समजून घ्यायला. त्यांनी आग्रह केला, तुम्ही जेवून आलात. पुढं कोर्टात तुमची साक्ष निघाली तेव्हा समोरच्या वकिलानं पहिला प्रश्न विचारला, बाई, त्या दिवशी जेवायला काय होतं? सगळं कोर्ट हसलं. त्यानंतर तुम्ही जे काही बोललात त्याला कवडीची किंमत राहिली नाही, आणि त्याचं भोगणं त्या बाईला भोगावं लागलं. तेव्हापासून स्वतःची पाण्याची बाटली, स्वतःचा डबा. कोणी सुपारी पुढं केली तरी हात जोडायच्या. मला हे सांगताना तुमचे डोळे भरले होते, म्हणून त्याची मी कधी चेष्टा केली नाही. बाकी सगळ्याची केली.

मग तुमची धाप वाढली. तुम्ही जिना चढायचं टाळायला लागलात आणि सांगायच्या की गुडघा दुखतो. आपण दोघी दुसऱ्यांच्या मनातलं ओळखायचा पगार घेणाऱ्या. एका दुपारी तुमच्या लेकीचा फोन आला. मी तेव्हा नांदेडच्या जेलमध्ये होते, फोन दारात जमा होता. बाहेर आल्यावर तिचे सात-आठ मिस्ड कॉल बघितले आणि फोन न लावताच कळलं.

शोकसभा चांगली झाली. तुम्हाला आवडली नसती. तुम्ही समर्पित होतात, तुम्ही दीपस्तंभ होतात, तुमच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली. एका साहेबांनी तुमचं नावच चुकीचं घेतलं. सगळे व्यवस्थित बसले होते, रुमाल डोळ्यांना लावत होते, कोणाचा हुंदकाही मोठ्यानं निघाला नाही. मला बोला म्हणाले. मी उभी राहिले, दोन वाक्यं बोलले आणि बसले. रडू काही आलं नाही. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. माहीत असल्यानं काही फरक पडत नाही.

बराकीत सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सगळ्यांना शिवणाच्या खोलीत बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. बायका रडल्या. एक म्हातारी भिंतीला टेकून तुमची नक्कल करत राहिली, "आधी पाणी पी गं, आधी पाणी पी," आणि रडत राहिली. कमल मात्र दाराजवळ उभी होती, कोरडी. थोड्या वेळानं ती पुढं आली.

"मंग माझ्या भावाकडं आता कोन जानार, म्याडम?"

ताई, मला अशी सणक गेली डोक्यात. वाटलं, हिच्यासाठी बाई उन्हातान्हात झिजली आणि हिला तिच्या मरणाचं काही नाही, भावाचं पडलंय. बोलले असते तर वाईट बोलले असते. बाहेर आले, फोन घेतला, पर्स घेतली, आणि नांदेडच्या गाडीकडं जायच्या ऐवजी मुरुडच्या गाडीत जाऊन बसले. प्रेमानं नाही गेले. रागानं गेले. म्हटलं एकदाचं तोंडावर विचारते त्या दगडाला, आणि हा विषय संपवते. तत्त्व म्हणून माझंच बरोबर आहे, ते आपलं काम नाहीच. पण तुम्ही नव्हता आणि ती विचारत होती.

मुरुडला उतरून पुढं टमटम. टमटमवाल्याला दत्ताचं नाव सांगितलं तर त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि मला घरापाशी न सोडता पारापाशीच सोडलं. तिथून चालत. बाटलीतलं पाणी गाडीतच संपलं होतं, सकाळपासून पोटात काही नव्हतं, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. घर पत्र्याचं. बाजूला पिठाची गिरणी, तिच्या शटरला कुलूप आणि कुलपावर धूळ. दत्ता अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. तुम्ही सांगितलं होतं तस्संच, पोतं टाकलं, मान वर केली नाही. त्याच्या बायकोनं, रुक्मिणीनं, तांब्या आणि गुळाचा खडा माझ्यापुढं ठेवला आणि मागं वळून निघूनही गेली. पाव्हणा पिईल अशा अपेक्षेनं ठेवतात तसा ठेवला नव्हता. ठेवायचा म्हणून ठेवला.

मी गूळ तोंडात टाकला आणि सगळा तांब्या वरून घटाघटा प्यायले.

नियम मोडायचा म्हणून नाही. तुम्हाला चूक ठरवायचं म्हणून तर मुळीच नाही. मला चक्कर येत होती. तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, वहिनी, डोकं फुटायला आलंय, कोरा असला तरी चालेल, घोटभर चहा मिळाला तर बरं होईल.

दत्तानं मान वर केली. रुक्मिणी दारात आली होती, ती तिथंच थांबली, मग पदर तोंडाला लावून आत पळाली. मला वाटलं आपण काहीतरी भलतंच बोललो. आतून भांडी वाजल्याचा आवाज आला, मग नाक ओढल्याचा. चहा आला तो दुधाचा, वर जाड साय. मी पिते आहे की नाही ते ती दोन पावलांवर उभी राहून बघत होती. कप रिकामा झाल्यावर तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि मग ती बोलली. म्हणाली की त्या मोठ्या बाई यायच्या तवा दर खेपेला च्या करून ठेवायचे, आणि दर खेपेला तो गार होऊन उकिरड्यावर ओतायचे.

मग दत्ता बोलायला लागला, ताई. तुमचा दगड. कमलला पोलिसांनी नेलं तेव्हापासून गावानं त्यांच्या घरचं पाणी सोडलं होतं. कोणी बोललं नाही, कोणी भांडलं नाही. फक्त अंगणात आलेला माणूस तांब्याला हात न लावता उठायला लागला. खुनाच्या घरचं. मग गिरणीवर दळण येईना, बायका डोक्यावर डबा घेऊन दुसऱ्या गिरणीला जायला लागल्या, पण याच्याकडं नाही. त्याची आई त्याच घोरात गेली. आणि अशात तुम्ही आलात. सरकारी बाई, शिकलेली, चांगलं बोलणारी. म्हणालात की कमल तुमची बहीण आहे, लाज धरू नका, समाजाला भिऊ नका. आणि पुढ्यातला तांब्या हातानं बाजूला सारून पिशवीतली स्वतःची बाटली काढलीत.

"मोठ्या बाई गोड बोलायच्या," दत्ता म्हणाला. "पन ज्या बाईला आमचं पानी चालंना, ती आमाला लोकापुढं उभं राहा म्हनून राहिली. कोर्टात धा लोकांत नाव पुकारतेत. तिथं कोन उभं करील मला?"

मी कपाळाला हात लावला. त्याला सांगितलं सगळं. तो नियम आहे, कोणाच्याच घरचं त्या घेत नव्हत्या, कलेक्टरच्या बायकोनं चहा दिला असता तरी घेतला नसता. ती जुनी कोर्टातली गोष्टही सांगितली, जेवायला काय होतं ती. आणि सांगितलं की त्या आता नाहीत. दत्तानं हातातली पंपाची वायसर, ती रबराची चकती, खाली ठेवली. मग एवढंच म्हणाला, असं होतं तर सांगायचं न्हाई का.

सांगायचं नाही का, ताई? माणसाच्या आत कुठून शिरावं हे कळत नाही म्हणत होतात ना? दार पुढ्यातच होतं, हो. तुम्ही ते दर वेळी स्वतःच्या हातानं बाजूला सारत होतात. परतीच्या गाडीत मला तुमचा इतका राग आला की डोळ्यांतून पाणी आलं. आणि पुढच्या स्टॉपला वाटलं की तुमचा नियम तरी खोटा कुठं होता? एक बाई त्यापायी भरडलेली तुम्ही बघितली होती. तुम्हाला हे कळलं असतं तरी तुम्ही चहा घेतला असता का? मला नाही वाटत. तुम्ही त्याला नीट समजावून सांगितलं असतंत, हात जोडले असतेत, आणि तरीही घेतला नसतात. मग तो आला असता का? हा आपला वाद आता कायमचा राहिला. तुमच्याशिवाय तो घालण्यात मजा नाही.

पण एक सांगायचं राहिलं. मी निघताना दत्ता पारापर्यंत सोडायला आला. मी त्याला काही विचारलं नव्हतं, जामिनाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तो आपणहून म्हणाला की पाणी घेत नव्हत्या, पण येत होत्या. तुम्ही येत होतात त्या दोन वर्षांत घरी येऊन बसणारं दुसरं कोणी नव्हतं. रुक्मिणीला तर सवय लागली होती, महिना सरत आला की ती म्हणायची, मोठ्या बाई आल्या न्हाईत अजून. तुम्हाला वाटत होतं तुम्ही हरून परत येताय. ते घर तुमची वाट बघत होतं, शकुताई. हे तुम्हाला न कळताच तुम्ही गेलात, याचं मला फार वाईट वाटतं. बाकी सगळ्यापेक्षा जास्त.

मी त्याच्याकडून काही कबूल करून घेतलं नाही. बघतो म्हणाला. बघतो म्हणणारी माणसं आपण उभ्या जन्मात भरपूर बघितली, म्हणून मी कमललाही काही सांगितलं नाही. आणि मग वकिलांचा फोन आला, की एक गृहस्थ सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन आलेत, सोबत त्यांची बायको आहे, आणि ते विचारतायत की बहिणीला न्यायला किती वाजता यायचं. माझा विश्वास बसेना. मी दोनदा नाव विचारलं.

काल कमल सुटली.

संध्याकाळ व्हायची होती. दत्ता धुतलेलं धोतर नेसून रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली उभा होता, रुक्मिणी त्याच्या मागं. जेलच्या मोठ्या दरवाज्यातला छोटा दरवाजा उघडला आणि कमल वाकून बाहेर आली, हातात एक पिशवी. दोघं बहीणभाऊ समोरासमोर आले आणि काय करावं ते दोघांनाही सुचेना. शेवटी त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. रुक्मिणीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी जरा लांब थांबले, म्हटलं आता आपलं काम संपलं, गाडी धरावी. ते तिघं चालायला लागले.

दहा पावलं गेले असतील, कमल थांबली. रस्त्याच्या कडेला, तिथंच मातीत, तिनं बसकण मारली, पदर तोंडावर ओढला आणि गळा काढला. आपल्याकडं खेड्यात बायका मयताला काढतात तसा, गाव गोळा करणारा. मोठ्या बाई, ओ मोठ्या बाई, मला न भेटता कुठं गेलात वो. रिक्षावाले वळून बघायला लागले. जेलच्या दारातला शिपाई बघायला लागला. मी धावत गेले. हात आपोआप तिच्या खांद्यावर गेला, तोंडातून आपोआप तेच निघालं, कमल, शांत हो, माझ्याकडं बघ, श्वास घे.

तिनं माझा हात काढून खाली ठेवला.

"आत रडले असते तर तुमी मला नजरंखाली ठेवलं असतं, म्याडम. आता मी बाहीर हाय. रडू द्या."

खरं होतं, ताई. तुम्हाला माहीतच आहे, जी जास्त रडते तिच्या नावापुढं आपण खूण करतो. तिला पहाऱ्याजवळ झोपवायचं, अंगावरची ओढणी-नाडी काढून घ्यायची, रात्रभर दिवा चालू, दोघी जणी पाळीनं जाग्या. तिचा जीव वाचावा म्हणूनच करतो. आणि बायका रडणं गिळायला शिकतात. तुमची बातमी सांगितली त्या दिवशीही माझी नजर सवयीनं फिरत होती, कोण किती रडते. ती ते बघत दाराजवळ उभी होती.

दत्ता माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. बहिणीकडं न बघता, हळू आवाजात बोलला.

"तिचं आईचं बी रडायचं राह्यलंय, म्याडम. दोघींचं रडून घेऊ द्या. आमाला काय घाई न्हाई."

मग मी पर्स बाजूला ठेवली, शकुताई, आणि कमलच्या शेजारी मातीत बसून तुमच्या नावानं मोठ्यानं रडले.